नदीकाठची विंच : उन्हाळ्यापासून पुरापर्यंतच्या नोंदी

16 एप्रिल

जोतिबाची यात्रा झाली, खोडव्याची गडबड जरा कमी झाली, म्हणून आज सुट्टी बघून नदीवर जाऊन आलो. काय उघडलं नाही, नुसतं बघितलं. शेडचा पत्रा एका बाजूनं उडालाय, विंचवर (पाण्याच्या मोटरी वर ओढायच्या यंत्रावर) चिमण्यांनी घरटं केलंय आणि वायर रोपाचा जो भाग उघड्यावर राहिला होता तो तांबूस झालाय.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यात भोगावती नदीकाठी आमच्या अकरा घरांची मिळून पाण्याची स्कीम आहे. 20 एचपीच्या दोन मोनोब्लॉक मोटरी एका लोखंडी ट्रॉलीवर बसवल्यात, काठापासून पात्रापर्यंत 40 मीटरचा उतार आहे, त्यावर चॅनेलचे रूळ. नदी चढायला लागली की पाईपचे फ्लँज (बोल्टचे जोड) सोडायचे आणि विंचनं ट्रॉली वर ओढायची. विंच म्हणजे 3 एचपी थ्री फेज मोटर, 60 ला 1 चा वर्म गिअरबॉक्स (आट्यांचा दांडा, म्हणजे वर्म, ब्राँझचं दातेरी चाक फिरवतो तो), पुढं 2 ला 1 ची गिअरची जोडी, 200 एमएमचा ड्रम आणि 10 एमएमचा वायर रोप. रेटिंग 1 टन. वर्षातनं सहा-सात वेळाच चालते, बाकी सगळं वर्ष नुसती बसून. आणि जेव्हा लागते तेव्हा रात्री दोन वाजता, मुसळधार पावसात, सगळा गाव काठावर आपापल्या मोटरी काढायला जमलेला असतो तेव्हाच लागते.

नोंदी ठेवायचं कारण मागच्या सप्टेंबरातलं आहे. ट्रॉली परत खाली सोडताना गाळात अडकली, रोप ढिला पडला, ड्रमवर एकमेकावर चढला, आणि माझा चुलतभाऊ हातमोजा घालून रोप सरळ करायला गेला. बटणावर मी होतो. दोन बोटं वाचली पण पहिल्यासारखी मिटत नाहीत. त्यानंतर सगळे म्हणाले पोरानं हात घालायला नको होता. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. हात तिथं का गेला हे मला या उन्हाळ्यात शोधायचंय.

19 एप्रिल

आधी किटकॅट (फ्यूज) काढून खिशात टाकले, मग हात लावला. मेनस्विच नुसता खाली करून भागत नाही, नदीकाठी अकरा घरांची माणसं येत-जात असतात, कुणीतरी आपली मोटर चालू करायला म्हणून वर करतंच.

मोटरला 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, 0.4 मेगाओहम. किमान 1 तरी पाहिजे. जळलेली नाही, ओल धरलीय. झाकणं काढून आत 100 वॅटचा बल्ब लावून ठेवला, दोन दिवस राहू दे. टर्मिनल बॉक्सचं रबर गॅस्केट भाकरीसारखं कडक झालंय, ते बदलायचं.

20 एप्रिल

गिअरबॉक्सचं ऑइल सोडलं तर चहात दूध घातल्यासारखं बाहेर आलं. म्हणजे पाणी गेलंय. 2019 ला कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, 2021 ला त्याच्याही वर, दोन्ही वेळा आमची विंच शेडसकट बुडाली होती. त्यानंतर ऑइल बदलल्याचं कुणालाच आठवत नाही. तात्या म्हणाले, "आरं वरनं घालतोय की दरवर्षी." वरनं घालून खालचं पाणी निघत नाही ना, ते तळालाच बसतं आणि वर्मचा तळ त्यातच फिरतो.

डिझेलनं धुतला, तळात पिवळी चमकणारी भुकटी होती, ती ब्राँझच्या चाकाची झीज. दात बघितले, झिजलेत पण धारदार नाही झालेत, अजून दोन-तीन सीझन जातील. 460 ग्रेडचं गिअर ऑइल घातलं, दुकानात विचारून ब्राँझला चालणारंच घेतलं कारण काही ईपी (जास्त दाबाच्या) ऑइलमधलं गंधक ब्राँझ खातं. दोन्ही ऑइल सील नवीन टाकली. मोटरच्या बाजूचं सील पूर्ण फाटलं होतं, तिथनं ऑइल कुठं जात होतं ते पुढं ब्रेक उघडल्यावर कळेल, मला आत्ताच शंका आहे.

मोटरचा मेगर संध्याकाळी परत घेतला, 6 मेगाओहम. छान.

1 मे

सुट्टी होती, दिवसभर रोपावर घालवला. अख्खा 60 मीटर शेतात पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिंधी धरून चाललो. चिंधी अडकली की थांबायचं, तिथं तुटलेली तार असते. हातानं कधी बघू नका, तुटलेल्या तारेचं टोक सुईसारखं शिरतं. नियम साधा आहे, रोपाचा एक पीळ पूर्ण फिरतो तेवढ्या लांबीत मिळून 6 तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच लडीत 3, की रोप भंगारात. आमच्या रोपाला 14 मीटरवर एका पिळात 9 मिळाल्या. आणि तिथंच तो चपटाही झालाय, व्हर्निअर लावला तर 10 चा 8.8 भरला. ही तीच जागा जिथं रोप ड्रमवर एकमेकाखाली दबतो.

म्हणजे रोप नवीनच. गुजरीतनं सोनं घ्यावं तसं तात्यांचं तोंड झालं पण पैसे काढले. 10 एमएमचा ब्रेकिंग लोड कागदावर साडेपाच टनांच्या आसपास येतो, 1 टनाच्या विंचला पाचपट मार्जिन मिळतं. आमची ट्रॉली मोटरींसकट 900 किलो, 40 मीटरला 16 मीटर चढ, म्हणजे सरळ ओढ 360 किलो, चाकांचं घर्षण आणि गाळ धरला की 450. कागदावर भरपूर वाटतं पण ट्रॉली रुळाच्या सांध्यात अडकली की ही गणितं संपतात, विंच जेवढं ओढू शकते तेवढं सगळं रोपावर येतं.

जुन्या रोपाला सगळ्यांनी वर्षानुवर्षं जळकं ऑइल चोपडलेलं. वरनं काळाकुट्ट, उलगडून बघितला तर आत लाल गंज. जळक्या ऑइलमधला कार्बन आणि आम्ल रोपाला खातं आणि वरचा थर आतलं पाणी आतच कोंडून ठेवतो. नवीन रोपाला पातळ, आत झिरपणारं तेलच लावायचं, ते पण ब्रशनं धूळ काढून झाल्यावर.

टोकाच्या क्लिपा तीनपैकी दोन उलट्या होत्या. यू क्लिपची गादी कायम ताणाच्या लांब रोपावर, आणि यू चा वाकडा भाग शेपटीवर. उलटं केलं की यू ताणाच्या रोपात रुततो आणि तिथंच तुटतो. तीन क्लिपा, 6-6 सेंमी अंतरावर, आत थिंबल (फासात बसणारी लोखंडी खोबण). पहिल्या ओढीनंतर परत आवळायच्या कारण ताण आला की रोप बारीक होतो आणि नट ढिले पडतात.

आता मुद्द्याचं. रोप काढल्यावर ड्रम रिकामा दिसला आणि मग त्याच्या समोरची गाईड पुली दिसली. ड्रमपासून टेपनं मोजलं, 2 मीटर. ड्रम 400 एमएम रुंद. म्हणजे रोप ड्रमच्या कडेला असतो तेव्हा जवळजवळ 6 अंशांनी तिरका येतो. साध्या ड्रमला दीड-दोन अंशाच्या वर तिरका चालतच नाही, तो एकाच जागी ढीग करतो नाहीतर मध्येच घसरतो. आम्ही इतकी वर्षं एक माणूस ड्रमपाशी उभा करत होतो, तो पायानं नाहीतर लाकडानं रोप सरकवायचा, आणि हे आम्हाला कामाचा भाग वाटत होतं. शेडची भिंत मध्ये येते म्हणून पुली जवळ बसवली होती, एवढंच कारण. पोरगा तिथं का गेला याचं उत्तर मला आज टेपवर मिळालं. घरी जाऊन त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, काकी मात्र उठून आत गेल्या.

4 मे

ब्रेक. ही नोंद मोठी होणार.

मोटरच्या मागं स्प्रिंगचा इलेक्ट्रिक ब्रेक आहे. करंट आला की कॉइल खेचते आणि ब्रेक सुटतो, करंट गेला की स्प्रिंग दाबते आणि ब्रेक लागतो. म्हणजे लाईट गेली की आपोआप पकडायला पाहिजे. आमच्याकडं लाईट जाणं काही नवीन नाही, त्यामुळं पूर्ण विंचमध्ये हा एकच भाग असा आहे की त्याच्यावर माणसाचा जीव आहे.

कव्हर काढलं तर हाताने ब्रेक सोडायची जी दांडी असते ती बाइंडिंग वायरनं खेचून बांधलेली. कायमची. म्हणजे ब्रेक लागतच नव्हता. मी पाच मिनिटं नुसता बसलो. विचारपूस केली तर कळलं की 2021 च्या पुरानंतर ब्रेक गंजून जाम झाला होता, मोटर गरम व्हायला लागली, घाईच्या दिवसांत आमच्यातल्याच कुणीतरी बांधून टाकला आणि मग सोडायचं राहिलं. चार सीझन आम्ही 900 किलो नुसत्या वर्मच्या भरवशावर उतारावर धरत होतो, खाली माणसं फ्लँज आवळत होती.

आण्णा म्हणाले, "वर्म हाय की, वर्म मागं येत न्हाई." हे सगळेच म्हणतात. म्हणून करून बघितलं. तळापासून जरा वर ट्रॉली ओढली, मागं हातभर अंतरावर रुळावर आडवे ओंडके बांधले, सगळ्यांना बाजूला काढलं, ब्रेक मोकळाच ठेवून करंट बंद केला. ड्रमला खडूची खूण. पाच मिनिटं काही नाही. मग गिअरबॉक्सवर लाकडी हातोड्यानं हळू ठोकत राहिलो, बाजूला मोटर चालू असली की जशी थरथर होते तशी, आणि खूण सरकायला लागली. बघता बघता ट्रॉली ओंडक्याला टेकली. नवीन कोरडा वर्म धरतो, झिजलेला आणि तेलातला थरथरीत सुटतो. आण्णांनी स्वतः बघितलं, नंतर तेच दुसऱ्यांना सांगत होते.

ब्रेकची लायनर तेलानं माखलेली, त्या फाटलेल्या सीलमधनंच. तेल प्यालेली लायनर पेट्रोलनं धुवून परत वापरू नका, गरम झाली की आतलं तेल बाहेर येतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तसल्याच मापाची डिस्क मिळाली. प्लेट पॉलिश पेपरनं साफ केली, स्प्रिंगा बदलल्या. गॅप फिलर गेजनं बघितला तर 0.9 एमएम, या ब्रेकला 0.3 पाहिजे. जास्त गॅप झाला की कॉइलला खेचता येत नाही, ब्रेक अर्धवट सुटतो, घासून गरम होतो, मग कुणीतरी दांडी बांधतं. सगळं असं एकातनं एक आहे.

दांडी आता काढूनच ठेवलीय. शेडच्या चावीबरोबर माझ्याकडं.

11 मे

पॅनेलचं काम. चुलतभाऊ पण आला होता, वायरिंग त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

पेंडंटच्या (हातात धरायच्या बटणपेटीच्या) बटणात 415 व्होल्ट येत होते. पावसात ओल्या हातानं, चिखलात उभं राहून. 24 व्होल्टचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर बसवला, आता बटणात 24 च. बटण दाबून धरलं तरच चालणार, सोडलं की बंद. आधी लॅच होणारं होतं, एकदा दाबलं की माणूस चहाला जाऊ शकत होता. लाल मशरूम बटण वेगळं, ते मेन कॉन्टॅक्टर (विजेवर ओढला जाणारा मोठा स्विच) पाडतं, कारण कधी कधी ट्रॉली वर-खाली नेणारा कॉन्टॅक्टर चिकटून राहतो आणि बटण सोडलं तरी मोटर चालूच राहते, तेव्हा मागची मेन लाईन तोडायला काहीतरी पाहिजे.

सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर होता पण बायपास केलेला. एक फेज गेली की पाण्याची मोटर कपॅसिटर लावून दोन फेजवर चालवतात आमच्याकडं, तीच सवय विंचला लावली होती. पाण्याची मोटर बंद पडली तर पाणी थांबतं, विंच उतारावर दमली तर वजन मागं येतं. तो बायपास काढून टाकला.

आणि फेज सिक्वेन्स रिले, फेजचा क्रम उलटा असला की तो विंच चालूच होऊ देत नाही. हा खर्च तात्यांना पटत नव्हता. समजावून सांगितलं की डीपीवर काम करताना दोन वायरी अदलाबदल झाल्या तर वरचं बटण दाबल्यावर ट्रॉली खाली जाते. तेवढ्यावर भागत नाही, वरच्या टोकाचा लिमिट स्विच वरचा कॉन्टॅक्टर पाडतो, पण ट्रॉली वर चालली असेल खालच्या कॉन्टॅक्टरवर, म्हणजे लिमिट दाबून काही होणार नाही, ट्रॉली पुलीत घुसणार. "बरं, घाल," म्हणाले.

अर्थिंगचा खड्डा नवीन, मीठ-कोळसा घालून, 30 मिलीअँपचा ईएलसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच).

13 मे

शेडच्या मागची भिंत फोडून विंच मागं घेतली, पुली आता ड्रमपासून 6 मीटरवर, ड्रमच्या बरोबर मध्यावर. गवंडी, सिमेंट, नवीन फाउंडेशन बोल्ट. सगळ्यात महाग काम हेच झालं.

18 मे

लोड टेस्ट. ट्रॉलीवर वाळूची 50 किलोची 5 पोती जास्त टाकली, म्हणजे नेहमीच्या सव्वापटीच्या जरा वर. रुळाच्या दोन्ही बाजूंना आणि रोपाच्या रेषेत कुणीही नाही, पोरांना शेडच्या मागं पाठवलं. ताणलेल्या रोपावर मध्ये दोन ओली गोणपाटं टाकली, तुटला तर उडायचा जोर ती खातात. रोप ओलांडून जायचं नाही हे आज दहा वेळा तरी ओरडलो.

टोंग टेस्टर (वायरीला लावून करंट मोजायचा चिमटा) : रिकामी 2.4 अँप, नेहमीच्या वजनाला 3.1, पोत्यांसकट 3.4. प्लेटवर 4.8 आहे. हे आकडे शेडच्या दारावर ऑइल पेंटनं लिहिले, रात्री कुणी चालवली आणि 4 च्या वर गेला तर थांबायचं, कुठंतरी अडकलंय.

अर्ध्या उतारावर मुद्दाम मेनस्विच पाडला. ब्रेक टक् करून लागला. ड्रमवर खडू मारला, पंधरा मिनिटं, हातोड्यानं ठोकून पण, खूण जागची हलली नाही.

रोप आता शेजारी शेजारी झोपतो. 40 मीटर म्हणजे ड्रमवर दुसरा थर चढतो, तिथं पण नीट चढला. ड्रमपाशी कुणी उभं नव्हतं. खालचे 5 वेढे पिवळ्या रंगानं रंगवलेत, पिवळं दिसलं की आणखी रोप सोडायचा नाही, कारण ड्रमच्या खिळीवर वजन नसतं, ते या वेढ्यांच्या घर्षणावर असतं.

ट्रॉलीच्या मागं एक टेकू पण केलाय, बिजागरीवरचा जाड अँगल, वर जाताना तो आडव्या चॅनेलवरनं खडखडत ओढला जातो, ट्रॉली मागं यायला लागली की पुढच्याच आडव्या चॅनेलला अडकून रुततो. रोप तुटला तरी ट्रॉली हातभर जाऊन थांबणार. खाली सोडताना तो पिन घालून वर उचलून ठेवायचा.

27 मे

परवाच्या वळवाच्या पावसात डीपीजवळ झाड पडलं, काल लाईट आली. आज सकाळी सहज विंच चालवायला गेलो तर बटण दाबलं, काहीच नाही. रिलेवर लाल दिवा. फेज उलट्या. वायरमन दादांना फोन केला, त्यांनी दोन वायरी बदलल्या आणि चालू झाली. अकरा घरांच्या पाण्याच्या मोटरी पण तोपर्यंत उलट्याच फिरत होत्या, पाणी का चढत नाही म्हणून सगळे फूटव्हॉल्व्ह बघत बसलेले. तात्या येऊन रिले बघून गेले.

9 जून

मृग निघाला. रुळांचे सांधे साफ, चाकांना ग्रीस. महिन्यातनं एकदा पाच मिनिटं रिकामी फिरवायची ठरलं, त्यानं कॉइल गरम होते, ओल उडते, आणि ब्रेक गंजत नाही. वहीत सही करायची. मी ज्या कंपनीत फिटर आहे तिथं क्रेन, हॉइस्ट, विंच सगळ्यांची वर्षातनं एकदा तपासणी होते, 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम 29 पासनं चालत आलेली, सक्षम माणसाकडनं, रजिस्टरसकट. त्या कलमात विंचचं नाव स्पष्ट होतं. नदीकाठच्या विंचला असं कुणी विचारायला येत नाही, म्हणून ही वही.

17 जुलै

काल रात्री. दिवसभर राधानगरीकडं जोरात पाऊस होता, धरण भरत आलंय, स्वयंचलित दरवाजे उघडले की एकेका दरवाज्यातनं 1428 क्यूसेक येतं आणि आमच्याकडं रात्रीत पाणी चढतं. 39 फुटांची इशारा पातळी अजून लांब होती पण आमची ट्रॉली खालीच असते, आम्हाला बंधाऱ्याच्या आकड्याची वाट बघून चालत नाही. साडेअकराला फ्लँज सोडायला घेतले. एकाला बॅटरी घेऊन ड्रमपासून लांब नजर ठेवायला लावलं, एक खाली रुळाच्या बाजूला, बाकी सगळे शेडमागं. बटणावर चुलतभाऊ. मी विचारलं होतं त्याला, "तू धरतोस?" "व्हय दादा," म्हणाला.

3.3 अँप. पाऊस असा की खालचा माणूस दिसत नव्हता, बॅटरी वर-खाली हलवायची खूण ठरलेली. साधारण 25 मीटर आलं आणि लाईट गेली. ब्रेकचा आवाज पावसात पण ऐकू आला. टेकू चॅनेलला लागलेला. भावानं बटण सोडलं, मेनस्विच खाली केला, किटकॅट काढून मला दिले. खालून आण्णांचा आवाज, "धरलंय का?" खडू ओल्या ड्रमवर उठत नव्हता म्हणून रंगीत टेप चिकटवला आणि बॅटरी मारून बघत बसलो. पाणी दर दहा मिनिटाला दिसेल असं वर येत होतं. कुणीतरी म्हणालं ट्रॉलीमागं जाऊन खांदा लावूया, दहा माणसं आहेत. कुणालाही जाऊ दिलं नाही. चेनब्लॉक (हातानं ओढायची साखळीची कप्पी) शेडमध्ये काढून ठेवला होता, अँकरचा बोल्ट वरच आहे, लाईट तासभर आली नसती तर तीन-तीन मीटरनं त्यानं ओढली असती. टेप हलली नाही. चाळीस मिनिटांनी लाईट आली, रिलेचा हिरवा दिवा बघितला, किटकॅट घातले, दोन मिनिटांत ट्रॉली वर. ड्रमला कुणाचाही हात लागला नाही.

पहाटे डीपी बंद केला, पाणी त्याच्या जवळ आलं होतं, करायलाच पाहिजे होता. शेजारच्या तीन मोटरी ट्रॅक्टरनं ओढून काढल्या.

19 जुलै

पाणी उतरतंय. क्लिपांचे नट परत आवळले, मधला अर्धा आटा फिरला. रोपाला तळाच्या दहा मीटरवर गाळ बसलाय, उघडीप मिळाली की धुवून, वाळवून, तेल. ब्रेकचा गॅप 0.35. टेकूची बिजागरी थोडी वाकलीय, जाड पिन टाकावी लागेल, सोमवारी उद्यमनगरात. शेडचा पत्रा अजून तसाच आहे.